ध्यानाचं खातं

९ ऑक्टोबर, गुरुवार
दुकानातून, दुपारी

ती. वहिनी,

नमस्कार. खुशाली आधी लिहायची असते म्हणून लिहितो : मी बरा आहे, दुकान वेळेवर उघडतं, मागच्या गळक्या नळाचं वायसर बदललं. तुम्ही बहिणीकडे आता रुळला असाल. दादा जाऊन सात महिने झाले आणि माझं एकही पत्र नाही, हे चुकलंच. फोन दोनदा हातात घेतला होता, पण सुरुवात सुचेना. लिहिताना निदान खोडता येतं.

पण आज लिहायला कारण आहे, आणि ते आनंदाचं आहे. आपल्या फ्रेमच्या दुकानाचे हिशेब संगणकावर गेले. हसू नका. मीच घातले.

वही दादाची, खिळे-हातोडी माझी आणि फोटोभोवतीचा पुठ्ठा कापणं तुमचं, अशी आपली वाटणी होती. वही मी कधी उघडलीही नव्हती. उघडली तेव्हा कळलं की दुकानाची काच आणि घरातलं पीठ एकाच पानावर आहेत. मग तीन सॉफ्टवेअर पंधरा-पंधरा दिवस फुकट वापरून पाहिली. तिघांनाही परीक्षा एकच. शाळेच्या बाईंनी बावीस फ्रेमा सांगितल्या, अर्धे पैसे आगाऊ दिले, चार फ्रेमा काच फुटली म्हणून परत केल्या, आणि त्याच पैशांतून मी घरी जाताना भाजी घेतली. मांडून दाखव.

पहिल्याने मला इतके प्रश्न विचारले की मी कोर्टात साक्षीला उभा आहे असं वाटलं. दुसरं मोबाइलवरचं, फुकटचं. मधेच केसांच्या तेलाची जाहिरात दाखवायचं, आणि माझ्या डोक्यावर काय उरलंय ते तुम्हाला ठाऊक आहे. तिसऱ्यात घर वेगळं, दुकान वेगळं. भाजीचे पैसे ‘उचल’ म्हणून दुकानातून निघाले आणि घराच्या खर्चात जाऊन बसले. चार फ्रेमा परत आल्या, पण आगाऊ रक्कम जागची हलली नाही. ताळा पैशापर्यंत जुळला तेव्हा मी उठून उभाच राहिलो.

समोरच्या झेरॉक्सवाल्याने विचारलं, “काका, लॉटरी लागली का?”

मी म्हटलं, “घर आणि दुकान वेगळं झालं.”

“अरेरे,” तो म्हणाला, “कुणाशी भांडलात?”

मी हसलो.

मग मागच्या वर्षांच्या नोंदी भरायला घेतल्या. त्यात एक खातं निघालं : ध्यान. ध्यान तीनशे, ध्यान साडेचारशे. मी चाटच पडलो. स्टुलावर बसल्या बसल्या घोरणारा आपला दादा गुपचूप ध्यानाच्या वर्गाला जात होता की काय? मी ‘ध्यान’ नावाचंच खातं ‘आरोग्य’खाली उघडलं, आणि मनात त्याला थोडा मानही दिला. चार पानं उलटल्यावर आलं, ‘ध्यान – दाढ’. मग ‘ध्यान – चष्मा’. त्याखाली दोनच महिन्यांनी, ‘ध्यान – पुन्हा चष्मा, पहिल्यावर बसला’.

वहिनी, चष्म्यावर या घरात एकच माणूस बसला होता.

दाढेचा डॉक्टर आपलं गिऱ्हाईक आहे, पैसे घेत नाही, असं दादाने मला सांगितलं होतं. मी त्याला दरवर्षी एक फ्रेम फुकट नेऊन देत होतो. तो इतका का गोंधळायचा ते आता कळलं. हे नाव दादाने ठेवलं की तुम्ही? तुम्हाला ठाऊक होतं, एवढं नक्की.

खात्याचं नाव बदलावं म्हणून झेरॉक्सवाल्याला विचारलं. तो म्हणाला, नाव बदलता येईल, पण नोंदी असलेलं खातं पुसता येत नाही. मी नावही तसंच ठेवलं.

आता राहिलेलं लिहितो. वहीच्या शेवटच्या पानावर दादाने हीच तीन सॉफ्टवेअर लिहून ठेवली होती. तिसऱ्यापुढे लिहिलंय, ‘चांगलं आहे, पण ध्यानाला जमायचं नाही.’

त्याने ते मला दाखवायला आणलं होतं. मी तिकडे पाहिलंही नाही. “तुला माझ्यावर भरवसा उरला नाही म्हणून यंत्र आणतोस,” असं म्हणालो. मग दोन दिवस आम्ही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तो गेला. तुम्ही तेव्हा विचारलं होतं, शेवटी काय बोलणं झालं? मी म्हटलं, नेहमीचंच. ते खरं नव्हतं. म्हणून फोन होत नव्हता.

जमलं मला, वहिनी. पहिल्या महिन्याचा पूर्ण हिशेब छापून सोबत पाठवतो आहे. त्याला दाखवता आला असता तर काहीतरी खोट नक्की काढली असती. आता ती तुम्ही काढा.

मी दोघांनी वापरायचं घेतलं आहे, थोडं महाग पडलं. दुसऱ्याच्या नावाची जागा कोरी आहे. आग्रह नाही. पण पुठ्ठा मी कापतो तो तिरका जातो, आणि गिऱ्हाइकं बोलत नाहीत, नुसती बघतात. याल तर आधी कळवू नका. किल्ली जुनीच आहे.

तुमचं,
ध्यान