खालची कवळी

नवीन पनवेल,
१६ फेब्रुवारी २०१२

ती. गं. भा. सोनाबायस धाकट्या काशिरामचा शि. सा. न.

फोनवर तुझं अर्धं बोलणं खालची कवळी खाते, म्हणून पत्र. परवा तुझ्या पुतण्याच्या, कल्पेशच्या हळदीत लग्नाचे धवले गाताना तू, पितरांना नावानिशी जेवायला बोलावतात त्या आवतणापाशी थांबलीस, तोंडावर हात ठेवलास आणि उठून गेलीस. बायका पदराआड हसत होत्या. चाळीस वर्षं करंजातली लग्नं लावणारी धवलारीण, आणि ऐन आवतणाला दात सुटले, ही बातमी आता उरणच्या मासळी बाजारात पोचली आहे. दाजींना जाऊन वर्ष झालं. ते असते तर बाजाराचं तोंड बंद केलं असतं.

तुझा प्रदीप इथे आला होता. मेमध्ये लेकीच्या, किशोरीच्या लग्नात धवल्यांची सीडी लावणार म्हणतो. आयेला आता जमनार नाय, असं त्याचं मत. इथल्या दातांच्या डॉक्टरांकडे मी चौकशी केली आहे. जबड्यात चार बारीक स्क्रू बसवतात, वर मण्यासारखी डोकी असतात. कवळी दाबली की खट्‌कन बसते. हट्ट सोड आणि ये.

वडीलकीचा राग असला तरी माया असू दे.
तुझा काशिराम


करंजा,
१ मार्च २०१२

चि. काशिरामास अनेक आशीर्वाद.

नोकरी सुटली तेव्हा अक्कलही साहेबाकडे जमा करून आलास का? होडी बांधायला धक्क्यावर खुंटे ठोकतात, ते तू माझ्या तोंडात ठोकायला निघालास. पुढे दोरखंडही आणशील.

माझ्या प्रदीपची हुशारी तर विचारूच नकोस. सीडीतली बाई कुठली कोण, ती आपल्या घरचे पितर बोलावणार. म्हणजे किशोरीच्या मांडवात परके मेलेले पंगतीला आणि आमचे दारात उभे. हे त्याला सांगितलं तर म्हणतो, आवाज मोठा येतो. मुलगा शिकला, त्याचा हा पुरावा.

हसणाऱ्यांत तुझी बायको गंगाबाईही होती. तिचे दात स्वतःचे आहेत, एवढंच तिचं कर्तृत्व. डॉक्टरची वेळ घे. मी येते, पण किशोरीसाठी. तुम्हा शहाण्यांसाठी नाही.

भाऊ म्हणून जीव आहे, तो तसाच राहील.
तुझी सोनाबाय


नवीन पनवेल,
४ एप्रिल २०१२

ती. सोनाबायस शि. सा. न.

स्क्रू बसवून तुला दहा दिवस झाले. दुखतं का, हे विचारायची भीती वाटते, कारण डॉक्टरांनी तेच विचारलं तेव्हा तू इंजेक्शनने बधिर झालेल्या तोंडानेही त्यांची उलटतपासणी घेतलीस. सुईएवढे खिळे जबड्यात टिकतील का, स्वतःच्या आईच्या तोंडात ठोकले असते का, असं काहीबाही. ते बिचारे अजून मला ओळख देत नाहीत.

रोज कवळी काढून मण्यांभोवती ब्रश फिरव, असं त्यांनी बजावलं आहे. प्रदीपने सीडी आणून ठेवलीच आहे. राखीव म्हणतो.

रागावलीस तरी चालेल, विसरू नकोस.
तुझा काशिराम


करंजा,
१४ मे २०१२

चि. काशिरामास आशीर्वाद.

किशोरी सासरी गेली. तू मांडवात मागे उभा राहून माझ्या कवळीवर पहारा देत होतास, ते मी पाहिलं. ती हलली नाही. डॉक्टरला सांग, खुंटे पक्के आहेत.

आता ऐक. कल्पेशच्या हळदीतही ती हलली नव्हती. एरवी हलायची, त्या दिवशी नाही. आजेसासरे झाले, सासरे झाले, पुढचं नाव ह्यांचं होतं. उखाण्याखेरीज मी ते कधी तोंडी घेतलं नाही, आणि मेलेल्यांच्या रांगेत घ्यायची ती पहिलीच वेळ. शब्द फुटेना. तुम्ही सगळ्यांनी दातांवर आळ घेतलात, मी घेऊ दिला. रडले असते तर त्याच बायका कीव करायला आल्या असत्या. त्यापेक्षा हसलेलं बरं.

मग तुम्ही माझी सबबच जबड्याला ठोकून टाकलीत. परवा पुन्हा ते नाव आलं. कवळी जागच्या जागी, प्रदीपचा हात त्या सीडीच्या यंत्रावर. मी नाव घेतलं. मोठ्याने घेतलं. जेवायला या म्हटलं. प्रदीपने हात मागे घेतला. बापाचं नाव त्याच्या तबकडीत नव्हतं, हे तेव्हा त्या शिकलेल्या डोक्यात शिरलं. मी मात्र धवला संपेपर्यंत त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर रडले असते.

आता पत्र लिहू नकोस, फोन कर. बहिणीचं बोलणं पुरतं ऐकून घ्यावं लागेल, तयारी ठेव.

तुझी बहीण,
सोनाबाई तुळशीराम