बाबांचं माप

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? भावजींचा खोकला? मी बरा आहे (तक्रार ऐकायला घरात कुणी उरलं नाही, की माणूस आपोआप बरा होतो).

परवा प्रदर्शनाच्या उद्घाटनाला मी चारचौघांत रडलो. हे तुझ्या कानावर तिखटमीठ लावून जाण्याआधी माझ्याकडून गेलेलं बरं.

तिथल्या भिंतीचं काम माझ्याकडे होतं. त्यातला कॅमेरा फोटो काढत नाही. समोरचं काय किती लांब आहे, एवढंच मोजतो. त्या आकड्यांवरून माझा प्रोग्रॅम भिंतीवरचे चौकोन रंगवतो: जवळचं लाल, मधलं पिवळं, लांबचं निळं. चाचणीला समोर माणूस हवा, आणि बसून राहण्याचं काम बाबांइतक्या निष्ठेनं आपल्या घरात कुणीच करत नव्हतं. "जन्मभर लोकांची मापं घेतली, आता माझं घे," म्हणाले आणि खुर्चीत बसले. पहिल्याच दिवशी पडद्यावर त्यांचे डोळे निखाऱ्यासारखे लाल. (चष्म्याच्या काचेवर कॅमेऱ्याला अंतर कळत नाही, तो शून्य सांगतो, माझ्या प्रोग्रॅमला वाटलं, शून्य म्हणजे अगदी नाकाशी आलेलं.) मी अंदाजे आकडे भरायला निघालो, तर आमचे शिंपीबुवा म्हणाले, "माप मिळालं नाही तर कापड बाजूला ठेवावं. अंदाजानं कापू नये." मी शून्याचे चौकोन काळे ठेवले. अख्ख्या प्रोग्रॅममधली तेवढी एक ओळ बाबांची.

पुढे दोन महिन्यांनी ते गेले. तुला पोचायला दोन दिवस लागले, त्यात तुझा काय दोष.

उद्घाटनाला प्रमुख पाहुण्यांचा पाय वायरीत अडकला आणि कॅमेरा बंद पडला. कॅमेरा बंद पडला तर चाचणीचं जुनं रेकॉर्डिंग लागावं, अशी सोय मीच करून ठेवली होती आणि मीच विसरलो होतो (हुशार माणसाची लक्षणं). भिंतीवर बाबा आले. निळे, बसलेले. त्यांनी मांडी खाजवली. मग उठून, बहुधा माझी कॉलर नीट करायला, पुढे आले. निळ्याचे पिवळे झाले, पिवळ्याचे लाल, आणि भिंतभर बाबाच. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाहुणे मला म्हणाले, "कल्पना छान आहे." मी खालीच बसलो. झाडू मारणाऱ्या मावशींनी पाणी आणून दिलं.

तुझा,
धाकटा

ता. क. भावजींना वाचून दाखवणार असलीस तर रडण्याचा भाग गाळ.

आणखी एक. तू फोनवर विचारलं होतंस, शेवटी बाबा कसे दिसत होते. मी म्हणालो, होते तसेच. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी त्यांचा एकही फोटो काढला नाही. आहेत ती रेकॉर्डिंगची ही चार मिनिटं, तीही बिनचेहऱ्याची. माझ्याच्यानं एकट्यानं बघवत नाहीत. चार दिवस येतेस का? जमणार नसेल तर नाही म्हण, पण लगेच म्हणू नकोस.