लग्नसराईतली रजा

आई, आज भांडायला नाही, सांगायला पत्र लिहायला बसलेय. हिंदमाता मार्केटमधल्या ज्या साडीच्या दुकानात तू आयुष्यभर उभी राहिलीस, तिथे आता मी मॅनेजर आहे. तुझ्या शेठचा मुलगा गल्ल्यावर बसतो, आता तोच शेठ.

माझं गॅदरिंग आठवतं? कोळीनाचात मी पुढच्या रांगेत होते. तू रजा मागितलीस, तर शेठ म्हणाला, "बाई, सीझनमध्ये रजा मागायची नाही, ठाऊक आहे ना?" मग तू तिकडे परक्या नवरीमुलींना नऊवारी नेसवत राहिलीस आणि इकडे नायगावच्या चाळीत शेजारच्या काकू मला पिनांवर पिना टोचत बसल्या. व्हायचं तेच झालं. स्टेजवर काष्टा सुटला आणि मी तो एका हातात धरून नाचले. घरी आल्यावर तू मला जवळ घेऊन म्हणालीस, "पुढच्या वर्षी मीच नेसवते. तुला शिकवते पण." पुढच्या वर्षीही सीझन होताच. मला फार राग यायचा तुझा.

मागच्या महिन्यात काउंटरवरची एक मुलगी तशीच चाचरत समोर आली. तिच्या लेकीचं गॅदरिंग होतं. शेठ म्हणाले, "ताई, एकीला सोडलं तर उद्या लाइन लागेल."

"लागू दे की. बायका आपसात पाळ्या लावतील. कुणाच्या घरी काय आहे ते त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. काउंटर रिकामा दिसला तर मला बोला."

"आणि गिऱ्हाईक गेलं तर?"

"काम शिकलेली बाई कंटाळून नोकरी सोडते, तेव्हा जातं ते गिऱ्हाईक दिसत नाही वाटतं तुम्हाला?"

शेठनी गल्ल्याचा खण लोटला. मग म्हणाले, या सीझनपुरतं करून बघा. मला तेवढं पुरे आहे, पुढच्या सीझनचं मी बघून घेईन. आता पाळ्या सुरू आहेत आणि दुकान काही बुडालेलं नाही.

गॅदरिंगच्या दिवशी ती मुलगी दुपारीच घरी गेली, तिच्या जागी मी उभी राहिले. एक नवरी आली, म्हणाली, "नऊवारी नेसवून दाखवता?" मी पलीकडच्या बाईला हाक मारली. सगळ्यांना वाटलं, मॅनेजर आहे, कशाला नेसवेल.

हे पत्र टाकणार तरी कुठे? तू नाहीस, आपली चाळही पाडली, तिथे टॉवर चढतोय. पर्समध्येच राहील. पण तुला म्हणून सांगते, मला अजून नऊवारी नेसवता येत नाही. तू शिकवणार होतीस ना, म्हणून दुसऱ्या कुणाकडून शिकलेच नाही.