रंजीतासाठी घेतलेली गाडी

१० नोव्हेंबर
जुनी बाईक विकली, ॲडव्हेंचर बाईक आणली. स्वतःसाठी नाही. बायको चिचटोल्याच्या शाळेत मास्तरीण, रस्ता जंगलातला, सगळे खड्डे. लग्न झाल्यापासून रोज मीच सोडतो. रंजीताची कंबर दुखते. एवढा विचार करणारा नवरा अख्ख्या कुरखेड्यात सापडायचा नाही.

१४ नोव्हेंबर
दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू. सीट फार उंच, साडीत तिला चढता येईना. शेवटी शेजारच्या शकुबाईंच्या ओट्यावरून चढली. शकुबाई म्हणाल्या, भाऊ, बायकोले शाळेत नेऊन राह्यले का हत्तीवर मिरवून राह्यले? दुर्लक्ष केलं. रंजीता वाटेत एक शब्द बोलली नाही. आनंद झाला असावा.

१७ नोव्हेंबर
साडी गार्ड काढून टाकलं. तिथे सामानाचा बॉक्स लावला. भारी लुक. रंजीता म्हणाली, माझा पदर चाकात गेला तं? ट्रॅक पँट घाल म्हणालो. विषय बंद.

२२ नोव्हेंबर
मेंटेनन्स स्वतःच करायचा. बाबूभाई मेकॅनिकला या गाडीतलं काय कळणार? व्हिडिओ पाहून चेनला लूब ऑइल मारलं. जरा जास्त झालं. तिची पिवळी साडी गेली. भावाने दिलेली होती म्हणे.

२५ नोव्हेंबर, संध्याकाळ
एअर फिल्टर धुतला आणि ओलाच बसवला, वेळ कुठे होता? गाडी ऐन जंगलात बंद. कालच त्या पट्ट्यात वाघ दिसला होता. घाबरू नको, टूलकिट आहे म्हणालो. ती म्हणाली, वाघाले पाना दाखवता का? तेवढ्यात तिच्या शाळेच्या तहसीन मॅडम स्कूटीवर आल्या. त्यांच्या मागे बसून गेली. मला एकट्याला वाघाजवळ सोडून!

२८ नोव्हेंबर
आता रोज तहसीन मॅडमसोबतच जाते. तात्पुरतं आहे. मला सर्व्हिसिंगला वेळ मिळतो. उन्हाळ्यात आम्ही दोघं याच गाडीवर हेमलकशाला जाणार, नक्की. तिला अजून सांगितलं नाही.

६ डिसेंबर
रंजीताने चिचटोल्यातच खोली घेतली. म्हणाली, तहसीनले तरी किती त्रास देऊ? रागावली काय विचारलं. म्हणाली, नाई. पण सकाळी रस्त्यानं आपण किती बोलत होतो. आता काऊन नाई बोलत तुमी? मी म्हणालो, या गाडीसाठी घेतलेलं हेल्मेट फुल फेस आहे, ऐकू येत नाही.
खरं तेच सांगितलं. तरी बॅग भरली तिने.

१४ डिसेंबर, शनिवार
तिच्या खोलीवर गेलो. चहा दिला. गाडी कशी आहे, विचारलं. इंजिनच्या टॅपेट सेटिंगचं सविस्तर सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. उद्या सुट्टी, पण घरी येते म्हणाली नाही. चल रंजीता, घर खायला उठतं, एवढंच म्हणायचं होतं. दारातून निघताना टायरच्या हवेबद्दल बोललो.
येताना गाडी झकास चालली. थोडी खराब झाली असती तर परत तिच्या दारात जाता आलं असतं.