डाव्या बाजूचा दांडा

मामाजी,

लग्न होऊन मी पांढुर्ण्याला तुमच्या घरी आले तेव्हा सासूबाईंना जाऊन तीन वर्षं झाली होती. ह्यांची नोकरी सौंसरला. सकाळच्या बसने जात आणि दिवेलागणीला परत येत. दिवसभर घरात तुम्ही आणि मी, दोघंच. सुनेने सासऱ्याशी तोंड वर करून बोलायचं नाही ही आपल्याकडची रीत, आणि निरोप सांगायला मधे तिसरं माणूस नाही. मग मी मारुतीला धरलं. जामसावळीहून आणलेला त्याचा फोटो माझा स्वयंपाक आणि तुमची लाकूड कातायची खराद यांच्या मधल्या भिंतीवर होता. मी तिकडे पाहून म्हणायची, मारुतीराया, मीठ संपलं. तुम्ही हातातलं लाकूड ठेवून उठायचे, मीठ आणायचे आणि फोटोसमोर पुडी ठेवून त्यालाच सांगायचे की घे बाबा, आता भाजी अळणी नको करू. माहेरचे लोक हे ऐकून पोट धरून हसत. मला मात्र त्यात कधी अवघड वाटलं नाही. सकाळ-संध्याकाळ ज्याचं स्तोत्र म्हणायचं, त्याच्याच कानावर घरातलं घालायचं, यात वावगं काय?

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात ह्यांनी नागपूरहून एक जुनी व्हिडिओ गेमची मशीन आणली. कपाटाएवढी उंच. गावातल्या पोरांनी नाणं टाकून खेळावं म्हणून ती समोरच्या खोलीत ठेवली, जिथे पूर्वी तुमच्या खाटेच्या पायांची चळत लागलेली असायची. लोखंडी पलंग आले तसे लाकडी पाये घेणारे कमी झाले होते, तुमची खराद आठवड्यात एखाद दिवस फिरली तर फिरली, आणि ती जागा रिकामीच होती. पडद्यावर दोन कराटेवाले, एक पांढरा आणि एक लाल. खाली डावीकडे एक दांडा, उजवीकडे एक, म्हणजे दोघांनी शेजारी उभं राहून एकमेकांना लाथा मारायच्या. माझ्या मनाला ते काही रुचलं नाही. दिवाबत्तीच्या वेळी मी मशीनवर चादर टाकायची आणि फोटोकडे पाहून म्हणायची, देवा, घरात ही कसली मारामारी. एके दिवशी तुम्ही खरादीवरूनच त्याला विचारलं, "तूच सांग बा, लंकेत तू काय भजन करून राहिला होता?" त्यानंतर मी चादर टाकणं सोडलं.

दोन महिन्यांत डाव्या बाजूचा दांडा मोडला. प्लास्टिकचाच तो, कोण्या दांडगटाने जोर लावला असेल. नवा नागपूरशिवाय मिळणार नव्हता, म्हणून ह्यांनी तुम्हाला विचारलं, लाकडाचा करून देता का. तुम्ही लगेच हो म्हणाला नाहीत. पण दुसऱ्या दिवशी पाहते तर तुम्ही खराद पुसता आहात, तेल घालता आहात, आणि माळ्यावरून शिसमाचा एक तुकडा काढून तो हातात फिरवून पाहता आहात. दोन दिवस लागले. लाटण्याच्या मुठीसारखा जाड, गुळगुळीत दांडा झाला, आणि मशीनच्या लोखंडी पत्र्याच्या भोकात तुम्ही तो असा बसवला की सूतभर हलू नये. खरादीचं कामच तसं. पाया खाटेत चुळबुळला तर करणाऱ्याची बदनामी.

पण खेळणाऱ्यांना तो दांडा चालेना. डाव्या बाजूचा माणूस उडीच मारत नाही, वळतो तर उशिरा वळतो, अशी ओरड सुरू झाली. कोणी म्हणे पांढऱ्याला लकवा मारला आहे. डावीकडे उभं राहायला कोणी तयार होईना, आणि दोघांचा खेळ एकट्याने कसा खेळणार? तुम्ही चिडलात. "मनगटात दम नाई अन् माह्या लाकडाले नावं ठेवून राहिले," असं त्यांच्या तोंडावर सुनावलंत. रात्री जेवताना हे म्हणाले की रविवारी नागपूरला जाऊन प्लास्टिकचा आणतो, हा काढून टाकू. त्यांच्या मनात काही नव्हतं. तुमची दुसरी भाकर ताटात तशीच राहिली, आणि सकाळी मी झाडायला आले तर खरादीवर पोतं झाकलेलं. रविवारी प्लास्टिक घरात आलं, तर हे पोतं पुन्हा निघायचं नाही, एवढं मला कळत होतं.

त्या दुपारी तुमचा डोळा लागल्यावर मी डाव्या बाजूला उभी राहिले. दांडा हातात घेतला आणि दोन मिनिटांत दुखणं सापडलं. त्या दांड्याच्या खाली पातळ पत्तीचे चार स्विच असतात, दांडा ज्या बाजूला कलेल तो स्विच दाबला जातो आणि माणूस तिकडे जातो. तुमचा दांडा कलायलाच तयार नव्हता. जोर लावून कलवला तर सोडल्यावर आपसूक मधे परत येत नव्हता. आता हे सांगायचं कसं? मीठ संपलं हे सांगणं वेगळं आणि ज्याने उभा जन्म लाकडात घातला त्याला, तुमचं बसवणं चुकलं, हे सांगणं वेगळं. संध्याकाळी उदबत्ती लावली आणि आवाज थोडा मोठा केला. मारुतीराया, म्हटलं, जात्याचा खुंटा पक्का असतो, पण वरची तळी सैल फिरते म्हणून पीठ पडतं. त्या दांड्याचं वरचं टोक पक्कं असू दे, पण पत्र्यात शिरतो तिथे त्याचा गळा बारीक पाहिजे. आणि मूठ एवढी लांब नको, वर लिंबाएवढा गोळा पुरे, बोटांत मावेल असा.

उदबत्ती अर्धी जळली. मग तुम्ही फोटोला विचारलंत, "इले कसं समजलं? हात लावून पाह्यला काय?"

मी म्हटलं, देवा, आज दुपारी पाहिला.

सकाळी पोतं निघालेलं होतं. तुम्ही दांडा उतरवला, त्याचा गळा कातून बारीक केला, वरचा गोळा लिंबाएवढा केला आणि जुन्या दांड्याची स्प्रिंग खाली चढवली. फोटोसमोर धरून म्हणालात, पाह्य, ही तं तुहीच गदा झाली. मग बसवला. पण पारखायला दोघं लागतात, आणि घरात दोघंच होतो. तुम्ही उजवीकडे उभे राहिलात. मी दारात, पदर पुढे ओढून. तुम्ही फोटोकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलंत.

"सूनबाई, तू डावीकून उभी राय. अन् लाजू नको, मार."

लग्नाला चार वर्षं झाली होती, मामाजी. तुम्ही सरळ माझ्याशी बोललेला तो पहिला शब्द. एका हाताने दांडा धरावा लागतो, दुसऱ्याने बटणं दाबावी लागतात, म्हणून मी पदर दातात धरला आणि मारलं. दांडा असा फिरत होता की बोटांना कळतही नव्हतं. तुमचा लाल माणूस तीन वेळा आडवा झाला. तिसऱ्या वेळी तुम्ही दांडा सोडला, हात धोतराला पुसले आणि ठाम आवाजात म्हणालात, "माह्या बाजूचा दांडा खराब आहे." त्याच दिवशी तो चांगला, धडका प्लास्टिकचा दांडा तुम्ही उपटून काढलात आणि दुसरा तुकडा खरादीवर चढवलात. रविवारी हे नागपूरला गेले नाहीत. पुढे सौंसरचा एक मशीनवाला येऊन तशीच जोडी करून घेऊन गेला, मग लोधीखेड्याचा. तुम्ही असेपर्यंत त्या खरादीवर पोतं पडलं नाही. आपण नंतरही बरंचसं मारुतीकरवीच बोललो, जिभेला वळण तेच होतं. पण अधूनमधून, जेवण झाल्यावर, तुम्ही नुसतं "सूनबाई" म्हणायचे, आणि मी हातातलं काम ठेवून मशीनकडे जायची.

हा कागद कुठे धाडायचा नाही, म्हणून एवढं लिहून टाकते. तुमच्या बाजूच्या दांड्यात काही खोट नव्हती. आज दुपारी पाहिला, असं जे मी म्हटलं तेही अर्धंच खरं. मशीन आली त्या आठवड्यापासून, तुम्ही जेवून पडलात की आवाज बारीक करून मी रोज एकटीच खेळत होते, समोरचा माणूस नुसता उभा असायचा. नाण्याच्या पेटीची किल्ली माझ्याकडेच होती, तेच एक नाणं टाकायचं आणि तेच काढायचं. कोणती लाथ कधी मारायची ते सगळं मला पाठ होतं. ही लबाडी मी देवाजवळही बोलले नाही. पण तिसरा डाव, मामाजी, मी सराव नसता तरी जिंकले असते; तोवर तुमचा दांडा माझ्या हातात बसला होता.