आत्याची उंची

ता. ८ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

स्वेटर मिळाला. बाह्या नेहमीप्रमाणे आखूड झाल्यात, पण तुझा दोष नाही, माझे हातच लांब. इथल्या हॉस्पिटलची लिफ्ट बसवायचं काम रेंगाळलंय, तेव्हा माझा मुक्काम वाढणार.

आता अण्णांचं काम. रविवारी कबरस्तानात जाऊन आलो. राखणदार म्हणाला, ज्या कबरीकडे वर्षानुवर्षं कोणी फिरकत नाही, तिथं दुसऱ्याला जागा देतात. आत्या इथं गेली त्याला चाळीस वर्षं होत आली. तेव्हा पुरामुळे रस्ते बंद, अण्णा तिच्या मातीला पोचले नाहीत, आणि मग संसाराच्या रगाड्यात यायचं राहूनच गेलं. एकदा बहिणीजवळ बसायचंय, एवढं एकच त्यांनी जन्मात माझ्याकडे मागितलंय. जागाच उरली नाही, हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगू? आत्याच्या इथल्या मैत्रिणीनं त्यांना तेव्हा पत्रातून काय काय कळवलं होतं, ते जरा खोदून विचार. (शब्द चुकला, पण राहू दे.)

अण्णांना नमस्कार. राग आला तरी माया कमी करू नकोस.

तुझा,
लंबू

ता. १७ जानेवारी

चि. लंबूस,
अनेक आशीर्वाद.

बाह्यांचं पुन्हा नाव काढलंस तर पुढच्या थंडीत कुडकुडत बस!

अण्णांना विचारलं. एकदम हसायलाच लागले. आत्याला वरच्या फळीवरचा डबा काढायला कधी स्टूल लागलं नाही म्हणे. सगळे तिला शिडी म्हणायचे. तू कोणावर गेलास ते कळलं. मैत्रिणीनं कळवलं होतं की तापाची साथ होती, माणसं भराभर जात होती, खड्डे एकाच मापाचे खणून ठेवलेले. त्यात आत्या मावेना, म्हणून पायाकडून खड्डा वाढवावा लागला. मागच्या भिंतीलगतची रांग, विहिरीच्या बाजूला. हे सांगताना अण्णांचे डोळे भरून आले. मलाही राहवेना, आत जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसले.

त्यांची नजर दिवसेंदिवस कमी होतेय रे. चालढकल करू नकोस. वेळेवर जेवत जा, आणि या म्हातारीवरचा लोभ वाढव.

तुझी,
ताई

ता. २९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सापडली! पण आधी माझी फजिती ऐक. विहिरीजवळच्या रांगेत एकच कबर बाकीच्यांपेक्षा चांगली हातभर लांब दिसली. टेप खोलीवर राहिलेला. मग मीच तिच्या शेजारी आडवा झालो, अगदी माझ्या मापाची निघाली. राखणदार लांबून बघत होता, बिचाऱ्याची बोबडीच वळली.

आता खरी अडचण. कबर स्वच्छ धुतलेली, कडेनं फुलझाडं, आणि दगडावर नाव भलत्याच बाईचं. तेवढ्यात एक नर्सबाई पाण्याची बादली घेऊन आल्या. म्हणाल्या, ही त्यांची आई. त्याच साथीत गेली, तेव्हा या एवढ्याशा होत्या, मामांकडे वाढल्या. कमवायला लागल्यावर परत आल्या, लहानपणच्या आठवणीवरून जागा शोधली आणि दगड बसवला. आई चार फुटांची होती, कबर एवढी ऐसपैस कशी, याचं त्यांना अजून हसू येतं. त्या गेल्यावर राखणदाराला विचारलं. शेजारी साथीतलीच एक नेहमीच्या मापाची कबर होती, तिला कोणी वाली नव्हता, तिथं मागेच दुसऱ्या कोणाला ठेवलं.

कळलं ना ताई? तीच त्यांच्या आईची असणार. त्यांची चूक झाली म्हणून आपली आत्या राहिली, आणि त्यांची आई गेली. खरं सांगावं तर त्या बाईची आई दुसऱ्यांदा जाईल. मला सुचेनासं झालंय. अण्णांना वाचून दाखव, आणि मायेनं चार शब्द लिही.

तुझा,
लंबू

ता. १४ फेब्रुवारी

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

मी सांगतोय, लंबू लिहितोय. त्यानं मध्येच आपलं काही घुसडलं तर समजून घे.

बसप्रवास सुखाचा झाला. निघताना तू बजावलं होतंस की खरं ते सांगून टाका, आपलं ते आपलं, दगड आपल्या नावाचा बसवा. मीही तेच ठरवून गेलो होतो. वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं. मग ती पोर आली. पोरच म्हणायची, तुझ्याएवढीच असेल. कोणाकडे आलात म्हणून तिनं विचारलं. मी म्हणालो, इथंच कुठेतरी माझी बहीण आहे. तिला फार वाईट वाटलं. माझा हात धरून म्हणाली, काका, उन्हात कशाला उभे राहता, आमच्या आईजवळ बसा, तिला माणसं आवडायची.

आपल्यातलं कोणी इतकी वर्षं तुझ्या आत्याकडे फिरकलं नाही, आणि या परक्या पोरीनं तिला धुऊनपुसून ठेवलं. माझ्या बहिणीला मूलबाळ नव्हतं गं. मी कोण तिची लेक काढून घेणारा? तू रागावशील, रागाव. मी काही बोललो नाही, लंबूलाही बोलू दिलं नाही.

दगडावर हात ठेवून मी पोटभर बसलो. ती झाडांना पाणी घालत होती, आणि मधूनमधून आई, आई करत बारीकसारीक सांगत होती. मी मनातल्या मनात बहिणीला म्हटलं, अगं, लेक हाक मारतेय, ओ दे.

आहे तशीच माया राहू दे.

तुझे,
अण्णा