हातानं शिवते, मोटरवर गुंतते

आपा, मशीन चालली. आधी हे सांगून टाकते, बाकीचं सावकाश लिहिते. साधी पायाची मशीन नव्हे, कारखान्यातली आहे, मोटरवर चालणारी. नुसतं वरचं डोकं उचलायला दोन माणसं लागली आणि दोघंही नंतर ओट्यावर बसून पाणी मागत होती. इथे जळगाव जामोदला, माझ्या पुढच्या खोलीत खिडकीखाली ती आता ऐटीत बसली आहे आणि तिच्याच टेबलावर कागद ठेवून मी हे लिहिते आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की माझे केस आता तुमच्या तेव्हाच्या केसांहून पांढरे आहेत. तरी पहिली सलग शिवण पडली तेव्हा मी मान वळवून मागे पाहिलं, तुम्ही पाहिलंत की नाही ते बघायला. मागे कुणी नव्हतं. दारात शेजारणीची शेळी तेवढी उभी होती.

मोताळ्याची तुमच्या शिवणवर्गाची पुढची खोली मला अजून लख्ख दिसते. भिंतीला लावून पायाच्या काळ्या मशीनी, मधे सतरंजी, सतरंजीवर कापड पसरून तुम्ही बसलेल्या. मी खेड्यावरून सकाळच्या एसटीनं येते, बोटांना मेथीच्या जुड्या बांधल्याचा वास असतो आणि आल्या आल्या तुम्ही मला हात धुवायला पाठवता. शिकायला लागून थोडेच दिवस झालेत. भर वर्गात मी उभी राहून म्हणते, आपा, मशीन बिघडली. तुम्ही कात्रीवरून नजरही उचलत नाही.

"बिघडली म्हंजे काय? मानूस बिमार पडला तर डाक्टरले नुसतं बिमार हाये म्हनून सांगते का कोनी? मशीन काय करून राह्यली ते सांग."

"धागा तोडून राह्यली."

"कोन्ता? वरचा का खालचा?"

"वरचा."

"कवा तोडते?"

ते मला कुठे माहीत होतं. सगळ्या पोरी माझ्याकडे बघून हसायला लागल्या होत्या. "जाय, पाहून ये," तुम्ही म्हणालात, आणि मी रडवेली होऊन परत मशीनवर बसले. पाय मारायचा, थांबायचं, बघायचं. बऱ्याच वेळानं मी येऊन सांगितलं, की वरचा धागा तुटतो, पण जाड शिवणीवर आली की तुटतो, पातळ कापडावर नाही. तेव्हा कुठे तुम्ही कात्री खाली ठेवली. "हां. आता अर्धी दुरुस्त झाली," म्हणालात आणि मला स्वयंपाकघरात घेऊन गेलात. चुलीपासून दूर, मागच्या दाराशी एका वाडग्यात घासलेट ओतून त्यात तुम्ही बॉबिन केस बुडवली आणि जुना टूथब्रश माझ्या हातात दिलात. मी घासत होते, तुम्ही चहा उकळत होतात. तो चहा मला घासलेटाच्या वासाचा लागला, पण मान मिळाल्यावर प्यावा तसा मी तो प्यायले. त्या खोलीत 'बिघडली' हा शब्द मी त्यानंतर कधी काढला नाही.

लग्नात सगळ्यांनी मला स्टीलची भांडी दिली. तुम्ही दिलात स्क्रू पिळायचा पेचकस, ब्लाउजपीसमध्ये गुंडाळून. सासूबाईंनी घडी उघडली, त्या लोखंडाकडे पाहिलं आणि आहेर आहे म्हणून तो देवघरातच ठेवून दिला. महिनाभर त्याला हळदकुंकू लागत होतं. माझी तर मागून घ्यायची छाती होत नव्हती. मग एकदा घरातल्या मिक्सरचं झाकण उघडायची वेळ आली तेव्हा त्या स्वतःच मला म्हणाल्या, "तुह्या आपानं देल्लेला देव आन जरा."

आता जरा कडू आहे तेही लिहिते, मग गोडच गोड आहे. तुमच्या मुलानं तुम्हाला बऱ्हाणपूरला नेलं, मशीनी विकल्या, त्यानंतर मी एकदा तुम्हाला भेटायला आले होते. घर मोठं, सून चांगली, खोटं कशाला बोलू. तुम्ही पलंगावर बसला होतात आणि तुमचे दोन्ही हात मांडीवर होते, नुसते. मी तुमचे हात रिकामे कधी पाहिलेच नव्हते. कशा आहात विचारलं तर म्हणालात, "आराम हाये, बापा. लय आराम हाये." तो शब्द तुम्ही ज्या आवाजात म्हणालात, त्या आवाजाची मला तेव्हापासून धास्ती आहे.

आणि यंदा तोच शब्द माझ्या मुलाच्या तोंडी आला. तो पुण्याला असतो, कंपनीत. घरधनी गेल्यापासून मी इथे एकटी. ब्लाउजची कामं कमी झाली, आणि बारीक हुक-काजं करायला डोळेही कुरकुर करतात. तो फोनवर म्हणतो, "आई, बस झालं आता, इकडे ये, आराम कर." त्याचं मन चांगलं आहे, आपा, म्हणूनच त्याच्याशी भांडता येत नाही. मी त्याला म्हटलं, बारीक काम होत नाही तर जाड काम करीन. ट्रॅक्टरच्या सीटची कव्हरं, शाळेची दप्तरं, ताडपत्री. इथली माणसं एवढ्याशा रेक्झिनच्या शिवणीसाठी खामगावपर्यंत जातात. तो हसला. म्हणाला, तुझी ती पायाची मशीन रेक्झिन शिवेल? नाही शिवणार, मी म्हटलं, दुसरी घेतली आहे.

घेतली होती भंगारातून. कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्याचं सामान आमच्या भंगारवाल्याकडे आलं होतं, त्यात ही पडली होती. वर कबुतरांची घाण, खाली गंज. मोटर जळलेली, ती त्यानं गावातल्या मोटर भरणाऱ्याकडून नवी तार गुंडाळून भरून दिली. नाही चालली तर परत नेईन, हे त्यानंच कबूल केलं. मुलानं फोटो पाहिला आणि आमची शर्त लागली. तो गाडी घेऊन येणार त्या रविवारपर्यंत मशीन चालली तर मी इथेच राहणार आणि पुण्याचं नाव तो काढणार नाही. नाही चालली तर मशीन भंगारवाल्याच्या टेम्पोत, मी मुलाच्या गाडीत, घर भाड्यानं. मी लगेच हो म्हटलं.

मग काय, पदर खोचला. मशीनचं डोकं मागे कलतं केलं तर खाली तेलाचं ताट, आणि तेल कसलं, खरवडून काढावा असा डिंक झालेला. सगळे स्क्रू घासलेटात भिजत घातले. जे सुटले ते तुमच्या पेचकसानं सुटले, जे सुटले नाहीत त्यांना मी शिव्या घातल्या, मग तेही सुटले. कापड पुढे सरकवणारे दाते उघडून घासले, त्यात कुणाच्या तरी निळ्या कापडाचा भुसा घट्ट बसला होता. सुई नवी घातली. हिच्या सुईचा दांडा गोल असतो, चपटी बाजूच नाही, त्यामुळे चुकीची बसवायला पूर्ण मोकळीक, आणि मी ती मोकळीक घेतलीही. पण शेवटी ताटात नवं तेल ओतलं, धागा ओवला, आणि तुम्ही शिकवलं तसं आधी चाक हातानं माझ्याकडे फिरवलं. टाका पडला. दुसरा पडला. रेक्झिनच्या दोन पदरांवर टाके असे बसले, की मी तिथल्या तिथे शेजारणीला हाक मारली.

शेजारीण आली, मी मोटरचं बटण दाबलं, पायाखालची पट्टी दाबली, आणि खाडकन सगळं गुंतलं. खाली धाग्याचा हा एवढा गुंता. कापड पुढे सरकायचं सोडून माझ्याच अंगावर यायला लागलं. मला वाटलं उलट टाक्याचा दांडा अडकलाय, तो सोडवला. पुन्हा गुंता. खालचं धागा पकडणारं हुक पुढे केलं, मागे केलं. बॉबिन बदलली. धाग्याचा ताण कमी केला, जास्त केला. मशीनच्या डोक्यावरच्या काचेत तेल उडताना दिसायला हवं, तिथेही काही दिसेना. शेजारीण बिचारी "होईन होईन" म्हणत घरी गेली. मुलाचा फोन आला, "सामान आवरलं का?" तर मी म्हटलं, आवरून राह्यली. आणि शुक्रवार उजाडला.

शुक्रवारी भंगारवाला सायकल टेकवून दारातूनच म्हणाला, "काकू, काय म्हनते मशीन?"

"काय म्हनन? बिघडेलच हाये," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता माझी मलाच लाज वाटली. तुमची कात्री थांबल्यासारखी वाटली, आपा. तो सायकलवर बसत होता, मी त्याला हाक मारून थांबवलं. "थांब बे. बिघडेल नाही. हातानं शिवते, मोटरवर गुंतते."

तो म्हणाला, "मंग एकच झालं ना, काकू."

एक नव्हतं. तोंडातून शब्द बाहेर पडले आणि मला ते दोन वेगवेगळे दिसायला लागले. हातानं शिवते म्हणजे सुई बरोबर, हुक बरोबर, धागा बरोबर, माझी सगळी मेहनत बरोबर. मग मोटर असं काय करते जे माझा हात करत नाही? हातानं मी चाक नेहमी माझ्याकडे फिरवते. मोटरला ते कुणी सांगितलं होतं? इतके दिवस मी सुईकडे बघत होते, चाकाकडे नाही. खडूनं चाकावर रेघ मारली, क्षणभर मोटर चालवली आणि लगेच बंद केली. रेघ माझ्यापासून लांब निघाली होती. मोटर उलटी फिरत होती. कापड अंगावर येत होतं ते त्यामुळे, तेल वर चढत नव्हतं तेही बहुधा त्यामुळेच. मी भंगारवाल्याला ती मोटर त्याच्याच सायकलला बांधायला लावली आणि मोटर भरणाऱ्याच्या दुकानी घेऊन गेले.

"काकू, मोटर फिरून राह्यली ना? मंग काय झालं?" मोटर भरणारा म्हणाला.

"उल्टी फिरून राह्यली."

"मोटरले काऊन पाह्यजे उल्टं-सुल्टं? फिरली म्हंजे झालं."

"तुह्या डोक्यावरचा पंखा उल्टा फिरव, मंग सांग मले किती हवा लागते ते."

त्यानं वर पंख्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आतल्या दोन वायरी अदलाबदल करून दिल्या. तेवढंच काम होतं.

घरी येऊन मोटर बसवली, पट्टा चढवला. रेक्झिनचे चार पदर सुईखाली दिले आणि पाय दाबला. आपा, काय सांगू. ती थांबेचना. कापड सरळ पुढे जात होतं, टाके एकामागे एक, आणि वरच्या काचेत तेल उडायला लागलं, स्वच्छ, पिवळसर. मी हसत होते आणि डोळेही पुसत होते. घरात सापडलं ते सगळं शिवलं मी त्या दिवशी. जुनं पायपुसणं, फाटकी गोणी, छत्रीचं कापड. शेळीवाली शेजारीण तिचं जुनं दप्तर घेऊन आली, तेही शिवलं.

रविवारी मुलगा आला. दारातच म्हणाला, "सामान कुठे आहे?" मी उत्तर दिलं नाही, खुर्ची ओढून त्याला बसवलं आणि चार पदर शिवून त्याच्या मांडीवर टाकले. त्यानं ते ओढून पाहिलं, नखानं टाके उचकटून पाहिले. इथे आला की त्याची पुण्याची भाषा गळून पडते. "कोन्या मिस्त्रीनं करून देल्लं, आई?"

"मिस्त्रीन म्हन."

त्याच्या गाडीची मागची सीट शिवणीतून उसवली होती, ते मी गाडी थांबतानाच पाहिलं होतं. कव्हर काढून आणायला लावलं, तो जेवेपर्यंत दुहेरी शिवण मारून दिली. जाताना म्हणाला, "हरलो बापा, पुण्याचं नाव नाही काढत," आणि पाया पडला. त्या संध्याकाळी त्यानं त्या सीटचा फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. आता माझ्याकडे ट्रॅक्टरच्या दोन सीटा येऊन पडल्या आहेत आणि एक माणूस हार्वेस्टरच्या छताचं विचारून गेला आहे. मी त्याला हो म्हटलंय. कसं करायचं ते बघू.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, आणि घरातही ठेवणार नाही, कारण मुलाच्या हाती पडलं तर पंचाईत होईल. भंगारवाला शुक्रवारी आला होता असं मी वर लिहिलं, पण त्यातलं एक मी गाळलं. मशीन कशी आहे विचारायच्या आधी त्यानं विचारलं होतं, "रविवारी टेम्पो घिऊन येऊ ना, काकू?" तेव्हा मशीन गुंततच होती, मोटर उलटी आहे हे मला स्वप्नातही ठाऊक नव्हतं. आणि मी त्याला सांगितलं होतं, "येऊ नको. चालो नाहीतर ना चालो, मी कुठी जात नाही."